चांदीवरची साय

दुपारच्या जेवणानंतर मला अलीकडे झोप लागत नाही आणि पुरती जागही राहत नाही. सकाळ माझी कामाची असते. सांगवीतल्या आमच्या बाल्कनीतून नदीवर पसरलेली जलपर्णी दिसते, आणि ती दिसली की मी महानगरपालिकेला पत्र लिहायला बसतो. पदपथ अडवून उभ्या केलेल्या गाड्यांविषयी लिहितो, भर दिवसा जळणाऱ्या पथदिव्यांविषयी लिहितो, पहिल्या पत्राचे उत्तर न आल्याविषयी दुसरे पत्र लिहितो. निवृत्तीनंतर माणसाने शांत व्हावे असा सल्ला मला देणारे सर्वजण बेकायदा पार्किंग करणारे आहेत, हे माझे निरीक्षण मी येथे नोंदवून ठेवतो. पण दुपारी हा राग आपोआप निवतो. पंख्याची घरघर ऐकता ऐकता ती दूरच्या एका गच्चीवरून येऊ लागते, पत्र्याच्या खोलीत ऊन तिरपे शिरते, आणि टेबलावर ओळीने मांडलेले पोलंडचे राजे माझ्याकडे पाहून मान हलवतात.

ती गच्ची महाळुंग्यातली. चाकणच्या एका कंपनीच्या विधी विभागात मी नोकरीला होतो, तेव्हा बरीच वर्षे तिथे एका घरात भाड्याने राहत होतो. घरमालकांना सारे गाव आबा म्हणे, मीही आबाच म्हणत असे. गावचे जुने शेतकरी. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तिच्या मोबदल्यात त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या, आणि तेव्हापासून त्यांना आयुष्यात करण्यासारखे काही उरले नाही, असे ते स्वतःच सांगत. बरोबरीच्या लोकांनी मोठ्या गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या, गुंठ्यांचे व्यवहार केले. आबांनी पोलंडची जुनी चांदीची नाणी जमवली.

हे वाक्य वाचून कोणालाही थांबावेसे वाटेल. गावही असेच थांबले होते. वडाच्या पारावर त्यांची चेष्टा होई. "आबा, तिकडं एखादा गुंठा मिळतोय का बघा की," असे कोणी म्हणाले, की आबा गंभीरपणे उत्तर देत, "तिकडं बर्फ पडतंय. तुला सोसायचं न्हाई."

नाणी ठेवण्यासाठी त्यांनी एका कारखान्याच्या भंगाराच्या लिलावातून लोखंडी कपाट आणले होते. मोजमापाची हत्यारे ठेवण्यासाठी बनवलेले, उथळ खणांचे. प्रत्येक खणात त्यांनी लाल मखमल बसवून घेतली होती. गच्चीवरच्या खोलीत हे कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक भिंग, एवढाच संसार. गावाच्या कडेला पत्र्याला ठोकून आकार देणारा मोठा प्रेस असलेला कारखाना होता. प्रेसचा प्रत्येक ठोका जमिनीतून येई, जिन्यातून चढे आणि टेबलावर पोहोचे. मखमलीवरची नाणी त्या ठोक्याने किंचित हलत. आबा म्हणत, "बघा वकीलसायेब, राजं मान हलवत्यात. पटतंय त्यांना."

मी वकील नाही, कायद्याचा पदवीधर आहे, हा फरक मी त्यांना अनेकदा समजावून सांगितला. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की जो कागदाला भीत नाही तो वकील.

पोलंडच का, याची हकिगत मला ठाऊक आहे, कारण तिचा दुभाषा मीच होतो. आबांच्या जुन्या शेतावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात भट्टी बसवण्यासाठी पोलंडहून एक अभियंता आला होता. उंच, पांढऱ्या भुवयांचा, फारसा न बोलणारा. आबा रोज सकाळी त्या कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन उभे राहत. कशासाठी, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही, आणि सुरक्षारक्षकांनीही त्यांना हटकणे सोडून दिले होते. एका रविवारी तो अभियंता फाटकाबाहेर आला, त्याने आबांकडे पाहिले, आणि खुणेने विचारले की तुमचे कोणी आत कामाला आहे काय. आबांनी जमिनीकडे बोट दाखवले.

त्या दिवशी आबा त्याला चहाला घरी घेऊन आले आणि मला हाक मारली. अभियंत्याने इंग्रजीत सांगितले आणि मी मराठीत आणले ते असे: त्याचा देश एके काळी मोठा होता. मग तीन शेजाऱ्यांनी तो आपसांत वाटून घेतला, आणि शंभराहून अधिक वर्षे त्या नावाचा देश नकाशावर नव्हताच. माणसे तिथेच होती, नद्या तिथेच होत्या, फक्त नाव पुसले गेले होते.

मी भाषांतर करता करता संतापलो होतो. सहहिस्सेदाराला नोटीस न देता केलेले वाटप मुळातच रद्दबातल असते, हे मी त्या अभियंत्याला इंग्रजीत सुनावले, जणू दोषी तोच होता. आबा मात्र वेगळ्याच विचारात होते.

"म्हंजे ह्यांचा सातबाराच गेला," ते हळू म्हणाले. "मग मागं काय राह्यलं, विचारा."

अभियंत्याने खिशातून पाकीट काढले आणि पाकिटातून एक लहानसे, काळपट, पातळ नाणे. गळ्याभोवती चुण्यांची झालर घातलेला एक मुकुटधारी राजा. त्याच्या आजोबांकडून त्याला मिळालेले. परत जाताना तो ते आबांना देऊन गेला. त्या नाण्याला त्रोयाक म्हणतात, तीन ग्रोशांचे, म्हणजे तिथल्या तीन पैशांचे, चांदीचे नाणे. आबांनी ते हातात घेतले, आणि त्यानंतर फाटकासमोर उभे राहायला ते कधी गेले नाहीत.

तिथून हा छंद वाढला. नातवाच्या फोनवरून लिलाव, परदेशी विक्रेते, टपालाने येणारी जाड पाकिटे. एकदा एक पाकीट कुठल्याशा कार्यालयात अडकले. जुन्या नाण्याला दागिना ठरवून त्यांनी आबांकडे सोनाराचा दाखला मागितला. त्या काळात मी लिहिलेली पत्रे ही माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम पत्रे होत, असे मी आजही मानतो. पाकीट अखेर सुटले तेव्हा आबा पेढे घेऊन खाली आले आणि म्हणाले, की तुमच्या पत्राला घाबरून न्हाई, कंटाळून सोडलं त्यांनी. मला ते लागले, आणि तेच खरे होते.

त्या पाकिटात जे नाणे होते त्याला तिम्फ म्हणतात. पोलंड युद्धांनी पोळून निघाला होता तेव्हाचे. त्यावर जेवढी किंमत होती त्याच्या निम्म्याचीही चांदी त्यात नव्हती, आणि राजाने नाण्यावरच लॅटिनमध्ये कोरून ठेवले होते, की देशाचा जीव वाचला हीच याची किंमत, आणि ती धातूहून मोठी आहे. अर्थ कळल्यावर मी खुर्चीतून उठलो. सरकारने प्रजेला लेखी दिलेली थाप, असे मी म्हणालो. कमी चांदी देणे हा एक अपराध, आणि त्याचे उदात्तीकरण हा दुसरा. आबांनी राजाची बाजू घेतली.

"तिजोरीत खडकू न्हवता," ते म्हणाले. "राजा काय करंल? आतबट्ट्याचं हाय म्हणून नाण्यावरच लिवून मोकळा झाला. आपल्याकडं कोण लिवतंय?"

या प्रश्नावर आम्ही कित्येक दुपारी भांडलो. मला आज त्या भांडणातले शब्द आठवत नाहीत. टेबलावर सरकत जाणारा उन्हाचा पट्टा आठवतो, दुरून येणारा प्रेसचा ठोका आठवतो, आणि मध्येच आबा खिडकीबाहेर असे पाहत राहत, की पत्र्यांच्या शेडपलीकडे त्यांना बर्फ दिसत असावे.

आता त्यांच्या मुख्य विक्षिप्तपणाकडे येतो. चांदीच्या जुन्या नाण्यावर काळाची काळसर झाक चढते. संग्राहक ती जपतात. ती काढली की नाण्याचे मोल जाते, आणि गेलेली झाक परत येत नाही. आबा तिला साय म्हणत. "दुधावर धरती तशी. दूध तापाया लागतं, थंड व्हाया लागतं, मग धरती. हिला तर शेकडो वरसं लागली." त्या खोलीत नाण्याला बोट लावायचे नाही, कडेने धरायचे. नाण्यावर बोलायचे नाही, कारण बोलताना वाफ लागते. मला शिंक आली तर मी जिन्यात जात असे.

एकदा त्यांच्या पुतणीला पाहायला दापोडीची मंडळी आली होती. पसंती झाली, चहापोहे झाले, आणि बैठकीला रंग चढल्यावर आबा सर्वांना कौतुकाने गच्चीवर घेऊन गेले. मुलाच्या मामांनी एक नाणे उचलले. साल दिसेना म्हणून त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली, नाणे चोळले आणि पँटवर पुसले. आबांनी त्यांच्या हातातून नाणे काढून घेतले, मखमलीवर ठेवले, खाली आले आणि हात जोडून सांगितले की योग नाही.

भाऊ चिडला, गावाने बोल लावला. आबांचे उत्तर एकच होते. "माझ्या पोरीला बी अशीच घासून बघत्याल."

हे सगळे त्यांनी जगाला सांगितले. एका माणसाला सांगायचे राहिले.

त्यांच्या पत्नीला सारे आक्का म्हणत. लहानखुऱ्या, नऊवारीतल्या, सतत कशाच्या तरी मागे लागलेल्या. त्या चहा घेऊन वर येत, पण शेवटच्या पायरीवरच कप ठेवून हाक मारत. खोलीत त्यांनी पाऊल टाकल्याचे मी पाहिले नाही. नाण्यांना त्या "तुमची काळी पोरं" म्हणत. त्यांना दोन लेकरे होऊन गेली होती आणि नंतरचा एकच मुलगा जगला होता, हे मला फार उशिरा कळले, तेव्हा त्या शब्दांतला चिमटा मला चिमटा वाटेनासा झाला. आबांनी त्यांना नाण्यांविषयी काही सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असे एखादे दार दोघेही मिळून बंद ठेवतात.

आबांना एका गोष्टीची आस होती. पुण्यात नाणेसंग्राहकांचे एक मंडळ होते. आबा पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा टोपी आणि पायजमा पाहून कोणीतरी त्यांना विचारले होते, की आपण कोणत्या साहेबांची गाडी घेऊन आलात. आबा दाराजवळच्या खुर्चीवर बसून परत आले. पुढे त्यांच्या पोलिश संग्रहाची कुणकुण तिथे लागली, आणि मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी निरोप पाठवला: दिवाळीनंतर मी स्वतः येऊन संग्रह पाहीन, योग्य वाटल्यास हिवाळ्यातल्या प्रदर्शनात आपल्याला स्वतंत्र टेबल देऊ. टेबलावर नाव लिहिलेली पाटी असते. पाटीचा मजकूर आबांनी माझ्याकडून करून घेतला, आणि त्यातून स्वतःचे नाव काढून टाकायला लावले. फक्त "पोलंडची चांदीची नाणी. महाळुंगे, तालुका खेड." एवढेच ठेवा म्हणाले. शेत गेले, वस्ती गेली, गावाच्या नावाची आता कारखान्याच्या पत्त्यातली एक ओळ झाली होती. ते नाव एका टेबलावर, एकटे, उभे राहावे, एवढेच त्यांना हवे होते.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या छातीत कळ आली. चिंचवडच्या रुग्णालयात त्यांना हलवले. जाताना त्यांनी कमरेच्या चाव्या सोडून आक्कांच्या हातात दिल्या. घरात ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती.

धनत्रयोदशीच्या दुपारी मी रुग्णालयातून चांगली बातमी घेऊन आलो, की लक्ष्मीपूजनाला आबांना घरी सोडणार. आक्का ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात पितळी परात, शेजारी चिंचेचा कोळ, वाटीत रांगोळी, पातेल्यात रिठ्याचे पाणी. परातीत काहीतरी लखलखत होते. त्या एकेक नाणे रांगोळीने घासत होत्या, रिठ्याच्या पाण्यातून काढत होत्या, आणि जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यावर उन्हात मांडत होत्या, जशी प्रत्येक घरात दिवाळीला देवाची चांदी उजळतात तशी. फडक्यावर ओळीने सारा पोलंड पसरला होता. लोखंडी कपाटाचे खण बाहेर काढून रिकामे रचून ठेवले होते.

"या, वकीलसायेब," त्या म्हणाल्या. त्यांची बोटे चिंचेने सुरकुतली होती. "नवस केलाता. म्हणलं, माणूस घरला येऊ दे, त्याचा जीव जेच्यात हाय तेच लक्षुमीपुढं मांडीन. किती काळवंडलीती बिचारी. कुणी आंघोळच घातली न्हाई त्यांना."

मी रागीट माणूस आहे. रांग मोडणाऱ्याला मी मंदिरातही सुनावले आहे. त्या ओट्यावर मी फक्त खाली वाकून नाणी पाहिली. राजांच्या झालरींच्या चुण्या सपाट झाल्या होत्या. तिम्फ मी अंदाजानेच ओळखला. मुळात चांदी कमी, त्यामुळे घासल्या जागी तांबे लालसर डोकावत होते. मी आबांना सोडणार असल्याची बातमी सांगितली. आक्कांनी परातीला हात जोडले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आबा आले. मुलाने धरून आत आणले, आणि त्यांच्यासमोर पाट, पाटावर लाल कापड, कापडावर झळाळती नाणी, प्रत्येकावर हळदकुंकवाचे बोट. मी दाराशी उभा होतो. डॉक्टरांनी त्यांना धक्का बसू देऊ नका असे सांगितले होते, आणि घरात धक्का कोणता हे फक्त मलाच ठाऊक होते.

आबा पाटासमोर बसले. त्यांनी चष्मा मागितला. एक नाणे कडेने उचलले, ठेवले, दुसरे उचलले. समईच्या उजेडात त्यांचा चेहरा मला एखाद्या नाण्यावरच्या चेहऱ्यासारखा दिसला, एका बाजूने, स्थिर. आक्का ताटात करंज्या वाढत होत्या.

"कशी दिसत्यात?" त्यांनी विचारले.

आबांनी हातातले नाणे पाटावर परत ठेवले. "लगीनघरातल्या पोरांवानी," ते म्हणाले, आणि त्यांनी करंजी खाल्ली.

नंतर मी त्यांना झोपण्याच्या खोलीकडे नेत असताना ते गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबले. वर जायचे नव्हतेच, पण त्यांनी वर पाहिले.

"वकीलसायेब, एक सांगा. ठावं नसताना, मायेपायी कुणी मोडलं, तर कायद्यात गुन्हा व्हतो का?"

मी म्हणालो, गुन्ह्याला हेतू लागतो.

"मग मिटलं," ते म्हणाले.

पण मिटले नव्हते. पुण्याच्या गृहस्थांना येऊ नका असे कळवावे, असे मी सुचवले. मी तसे पत्र लिहूनही ठेवले, प्रकृतीचे कारण देऊन. आबा नको म्हणाले. माणूस यायचा म्हणाला आहे, त्याला दारातून परतवणे त्यांना जमणारे नव्हते. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ते गृहस्थ आले. इस्त्रीचा कुडता, सोन्याच्या काडीचा चष्मा, हातात स्वतःचे भिंग. आबांना जिना चढायला बंदी होती, म्हणून खण खाली आणून ओसरीवर मांडले होते. आक्का चहा घेऊन आल्या आणि या वेळी तिथेच थांबल्या. आपल्या हातची झळाळी कोणी जाणकार पाहतो आहे, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

गृहस्थांनी पहिला खण पाहिला. मग दुसरा. भिंग मिटवून खिशात ठेवले.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारले. "ही नाणी कोणी घासली?"

आक्कांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. त्या आनंदाने सांगणार होत्या.

"म्या," आबा म्हणाले. "म्याच घासली. दिवाळी व्हती, म्हणलं राजं बी आंघोळ करू देत."

आक्कांनी नवऱ्याकडे चकित होऊन पाहिले. कौतुक त्यांच्या वाट्याचे होते, ते आबांनी ओढून घेतले होते. गृहस्थांनी आबांच्या टोपीकडे पाहिले, पायजम्याकडे पाहिले, आणि "शेवटी..." असे म्हणून वाक्य सोडून दिले. मग ते माझ्याकडे वळले.

"आपण शिकलेले दिसता. खरंच यांनीच घासली?"

मी आयुष्यात खोट्या विधानावर सही केलेली नाही. साहेबांनी नोकरीची भीती घातली तेव्हाही नाही. त्या ओसरीवर मी स्वच्छ आवाजात सांगितले, की होय, माझ्या समक्ष, यांनी स्वतःच्या हाताने घासली. ती साक्ष मागे घेण्याची माझी आजही तयारी नाही.

गृहस्थांनी चहा अर्धाच घेतला. टेबलाचा विषय निघाला नाही. गाडीपर्यंत आबा त्यांना सोडायला गेले, आणि एखाद्या चुकार विद्यार्थ्यासारखे त्यांचे बोलणे मान खाली घालून ऐकत उभे राहिले. मी दुरून पाहत होतो. समोरच्या रस्त्याने कंटेनर जात होते, त्यांच्या धुळीत ते दोघे कधी दिसत, कधी दिसेनासे होत. गाडी गेली. धूळ बसायला वेळ लागला. आबा तिच्यातून सावकाश परत आले.

आक्का फुरंगटल्या होत्या. "माझं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? बोटं सोलली माझी."

"दृष्ट लागंल म्हणून न्हाई घेतलं," आबा म्हणाले.

"आवडली का त्याला?"

"डोळं दिपलं त्याचं. बघवंना."

आक्कांचे समाधान झाले. खण आवरता आवरता त्या म्हणाल्या, की पुढच्या वर्षाला मात्र तुमीच घासा. आबा म्हणाले, घासतो की.

पुढच्या दिवाळीपर्यंत मी निवृत्त होऊन सांगवीला आलो होतो. फराळाचे द्यायला म्हणून महाळुंग्याला गेलो. आबा ओट्यावर बसले होते, पुढ्यात परात, कोपरापर्यंत हात चिंचेने माखलेले. आक्का शेजारी बसून सूचना करत होत्या, की तो मुकुटाचा कोपरा राहिला, तिथे अजून काळे आहे. आबा बिनतक्रार मुकुटाचा कोपरा घासत होते. दुरून प्रेसचा ठोका येत होता आणि परातीतले पाणी थरथरत होते. मी शेजारी टेकलो आणि विचारले, आबा, हा कोणता?

त्यांनी नाणे पाण्यातून काढले, उन्हाकडे धरले आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले.

"आता वळखू येत न्हाई," ते म्हणाले, आणि आणखी रांगोळी द्या म्हणून आक्कांपुढे वाटी केली.